प्राचीन इजिप्तची परलोककल्पना : हृदयाची तुला आणि मंत्राचे कवच

सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात धम्मविजयाच्या संदर्भात ज्या यवन राजांचा नामोल्लेख आहे, त्यांत 'तुरमय' हा एक होय. हा तुरमय म्हणजे इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी (इ. स. पू. २८५-२४६), असे विद्वान मानतात. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या प्राचीन बंदरात २०२२ साली इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात रोमन काळातील संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. भारत आणि इजिप्त यांच्यातील संबंध पुढेही टिकून होता, याचा तो मूर्त पुरावा आहे. ज्या भूमीपर्यंत धम्माचा संदेश गेल्याचे अशोक सांगतो, त्या भूमीची मरणोत्तर जीवनाविषयीची धारणा काय होती, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रारंभी परलोकातील वैभव हा प्रामुख्याने राजाचा अधिकार होता. सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, इ. स. पू. २३५० च्या सुमारास, परलोकप्रवासाचे मंत्र प्रथमच भिंतींवर कोरलेले आढळतात. पुढे मध्य राज्याच्या काळात असे मंत्र सरदार व अधिकारी यांच्या शवपेट्यांवर लिहिले जाऊ लागले. नव्या राज्याच्या काळात तेच पपायरसच्या गुंडाळ्यांवर उतरले. 'मृतांचा ग्रंथ' या नावाने आज ओळखले जाणारे वाङ्मय ते हेच. राजाची मक्तेदारी अशा रीतीने संपली. परंतु तिची जागा सर्वांच्या समतेने घेतली नाही, तर ती ऐपतीने घेतली. मृताच्या नावासाठी जागा कोरी ठेवून आधीच तयार केलेल्या प्रती आजही उपलब्ध आहेत. प्रेत टिकविण्याच्या विधीचेही खर्चानुसार तीन प्रकार होते, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो.

या विधीमागे एक निश्चित श्रद्धा होती. मनुष्याचा 'का' म्हणजे जीवनशक्ती आणि 'बा' म्हणजे पक्षिरूपाने संचार करणारा अंश, या दोहोंना मृत्यूनंतरही देहाचा आधार हवा, असे इजिप्तचे लोक मानीत. म्हणून नॅट्रॉन या क्षाराने प्रेत शुष्क करून पट्ट्यांत गुंडाळीत. परंपरेने हा काळ सत्तर दिवसांचा असे. मेंदू काढून टाकीत. यकृत, फुप्फुसे, जठर व आतडी स्वतंत्र पात्रांत ठेवीत. हृदय मात्र शरीरातच राहू देत. बुद्धी, स्मृती आणि सदसद्विवेक यांचे ते स्थान मानले जाई.

याच हृदयाची ओसायरिस देवासमोर परीक्षा होई. तुलेच्या एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्य व न्याय यांचे प्रतीक असलेले 'मात'चे पीस. अनुबिस तुला पाही, थॉथ निकाल नोंदवी. बेचाळीस न्यायदेवतांपुढे मृत मनुष्य आपण चोरी केली नाही, हत्या केली नाही, मापात खोट केली नाही, असे निवेदन करी. हृदय दोषी ठरल्यास मगरीचे मुख, सिंहाचे पूर्वांग आणि पाणघोड्याचे पश्चांग असलेली अम्मित ते गिळून टाकी. मनुष्याच्या आचरणालाच त्याच्या गतीचे प्रमाण मानणारा हा विचार उदात्त आहे, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. मेरिकारे राजासाठी रचलेल्या उपदेशग्रंथात तर दुष्टाच्या बलीपेक्षा सज्जनाचे शील श्रेष्ठ मानले आहे.

परंतु ज्या ग्रंथात ही तुला आहे, त्याच ग्रंथात तिला चुकविण्याची युक्तीही आहे. शेणकिड्याच्या आकाराच्या दगडी ताइतावर मंत्र कोरून तो मृताच्या छातीवर ठेवीत. हृदयाने आपल्या धन्याविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी त्यात विनवणी असे. म्हणजे न्यायाची कल्पना शीलाने केली आणि तिची धार मंत्राने बोथट केली. ज्याच्याजवळ ताईत व ग्रंथ घेण्यास धन नाही, त्याने काय करावे?

संयुत्त निकायात असिबंधकपुत्त गामणी तथागतांना असाच प्रश्न विचारतो : मृताला स्वर्गात पोहोचविण्याचा दावा काही ब्राह्मण करतात, त्याचे काय? तथागत सांगतात की, डोहात टाकलेला दगड लोकांच्या प्रार्थनेने वर येत नाही, आणि पाण्यावर तरंगणारे तूप प्रार्थनेने बुडत नाही. येथे तुला धरणारा देव नाही, साक्ष लपविणारा ताईतही नाही. देह टिकवून ज्याला चिरंतन करावे, असा नित्य आत्माही नाही. आहे ते केवळ कर्म आणि त्याचा विपाक.

इजिप्तच्या राजांचे पुढे काय झाले, हे इतिहासाने नोंदविले आहे. थडग्यांची लूट होऊ लागल्याने पुरोहितांनी अनेक राजांची शवे एकत्र दडवून ठेवली. देर-अल-बहरीचा तो साठा १८८१ साली जगासमोर आला. त्यांत दुसरा रामसेस होता. २०२१ पासून त्याचा देह कैरोच्या एका संग्रहालयात आहे. देह उरला, पण ज्या जीवनासाठी तो राखला, त्याचा पुरावा उरला नाही.

१९५६ साली नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तिचा अर्थ मृतांविषयी अनादर असा नव्हे. जिवंतपणी शील पाळावे, मृत्यूनंतरच्या विधीवर विसंबू नये, हा तिचा आशय आहे. नाईलच्या काठी मंत्राने झाकलेली तुला या भूमीत तथागतांनी उघडी केली होती. ती पुन्हा झाकली जाऊ नये, ही जबाबदारी आपली आहे.