वेल्डिंग शिक्षण, माध्यमिक शालेय

इयत्ता ८ वी ते १० वीच्या विद्यार्थ्यांना दिले जाणारे धातूच्या जोडकामाचे प्राथमिक शिक्षण. आयटीआयमधील वेल्डर व्यवसायाहून ते वेगळे. तेथे कारागीर घडवायचा असतो; शाळेत हाताने काम करता करता विज्ञान-गणित समजावे, ही अपेक्षा.

इतिहास : उद्योगातून शिक्षण हा विचार वर्धा शिक्षण परिषदेपासूनचा (१९३७), मात्र तेथे भर सूतकताईवर होता. महाराष्ट्रातील शाळांत यंत्रकाम आणण्याचा लक्षणीय प्रयोग पाबळ (ता. शिरूर, जि. पुणे) येथील विज्ञान आश्रमाचा. हिंदुस्थान लीव्हरमधील संशोधनकार्य सोडून डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये तो स्थापन केला. त्यांच्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात आठवड्याचा एक दिवस प्रत्यक्ष कामाला दिलेला असतो. वेल्डिंग अभियांत्रिकी विभागात येते. ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन व गृह-आरोग्य हे उरलेले विभाग. शिकवणारा निदेशक बहुधा गावातलाच जाणकार असतो. गावाची गरज पाहून स्टूल, फाटक, जाळी अशी कामे घेतली जातात व मुलेच सामानाचा हिशेब मांडतात. विषयाचा कस येथेच लागतो, कारण वाकडे फाटक गिऱ्हाईक घेत नाही.

कार्यशाळा : शाळेला आर्क वेल्डिंगचा साधा ट्रान्सफॉर्मर पुरतो. सौम्य पोलादासाठी ई ६०१३ वर्गाचा ३.१५ मिमी. रॉड व साधारण ९० ते १३० अँपिअर प्रवाह वापरतात. पातळ पत्र्याला व चौकोनी नळीला २.५ मिमी. रॉड बरा, नाहीतर भोक पडते. नवशिक्याचा रॉड चिकटतो. आर्कची लांबी रॉडच्या जाडीइतकी राखणे हा पहिला धडा. टाक्यावरचा स्लॅग (रॉडच्या वितळलेल्या लेपाचा कडक थर) चिपिंग हातोडीने काढल्यावरच जोड तपासता येतो. टाका बाहेरून गुळगुळीत असूनही आत पोकळ असू शकतो. म्हणून सरावाचा तुकडा शिकंज्यात धरून, हातोडीने वाकवून मोडावा. या सरावात रॉड व लोखंड भराभर संपते. साहित्याचा खर्च टाळणाऱ्या शाळेत मुले केवळ पाहतात, शिकत नाहीत.

सुरक्षितता : काळ्या काचेची ढाल, चामडी हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि यंत्राचे अर्थिंग आवश्यक. भोवती उभ्या असलेल्या मुलांचे डोळेही आर्कने दुखावतात, आडोसा हवा. गॅल्व्हनाइज्ड पाइपावरचा जस्ताचा थर आधी घासून काढावा, त्याच्या धुराने ताप येतो.

मुली : अभ्यासक्रम मुलामुलींना समान.

प्रसार : लेंड-अ-हँड इंडिया या संस्थेने विज्ञान आश्रमाचा अभ्यासक्रम अनेक शाळांत नेला. दहावीनंतर किती मुले वेल्डिंगच्या व्यवसायात टिकतात, हे यशाचे माप मानावे की नाही, याविषयी मतभेद आहेत.