महागडी एसयूव्ही काळ्या मातीत रुतली तर? ओढून काढण्याआधी हवी ही तयारी

जळगाव-धुळे पट्ट्यात गाडी फोर बाय फोर असली तरी मोठ्या पावसानंतर पाणंद रस्त्यावर ती रुतू शकते. मग शेजारच्या शिवारातून ट्रॅक्टर येतो, कुणीतरी साखळी आणतं आणि बघायला पाच-दहा जण जमतात. खरा धोका इथून सुरू होतो. साखळी चुकीच्या जागी अडकवली आणि ती जागा तुटली, तर लोखंडाचा तुकडा गोळीसारखा उडतो. त्यामुळे रिकव्हरीची तयारी म्हणजे आधी विंच किंवा छतावरचे दिवे नव्हेत. दोर कुठे बांधायचा आणि कशाने बांधायचा, हे घरून निघण्याआधी ठरलेलं असणं म्हणजे तयारी.

काळी माती इतकी का धरते?

खान्देशातली कापसाची काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते, तर पावसात टायरच्या खाचांमध्ये भरून टायर गुळगुळीत करते. मग चाक जागेवरच फिरतं आणि गाडी आणखी खोल जाते.

चाकाच्या मध्यापर्यंत रुतलेली गाडी काढायला साधारण तिच्या वजनाइतका जोर लागतो, असा लष्करी वाहनांसाठीचा ठोकताळा आहे. चिखल त्याच्या वर, मडगार्डपर्यंत पोहोचला तर हा जोर दुप्पट धरला जातो. सामान-माणसांसह अडीच-तीन टन भरणाऱ्या एसयूव्हीसाठी हा आकडा मोठा आहे. म्हणून ओढण्याआधी फावड्याने चाकापुढची माती काढणं हे सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित काम.

दोर बांधायचा कुठे?

अनेक लक्झरी एसयूव्हींमध्ये बंपरवर एक छोटं झाकण असतं. त्यामागे टूलकिटमधला हुक आटे फिरवून बसवायचा असतो. काही मॉडेल्समध्ये हा हुक फक्त बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर सरळ ओढण्यासाठी असतो, चिखलातून हिसका देऊन काढण्यासाठी नाही. चासीला जोडलेला, रिकव्हरीसाठीचा पॉइंट आपल्या गाडीला आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहावं. नसेल तर त्या मॉडेलसाठी बनलेला पॉइंट बसवून घ्यावा.

ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, म्हणजे टो-बॉलला, दोर कधीच अडकवू नये. ऑस्ट्रेलियात असे गोळे तुटून माणसं दगावली आहेत. सस्पेन्शनचे आर्म, अ‍ॅक्सल किंवा स्टिअरिंगचे रॉड हीसुद्धा बांधायची जागा नाही.

गाडीत काय असावं?

• गाडीच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन पट क्षमतेचा रिकव्हरी पट्टा. तीन टनांच्या गाडीसाठी आठ-नऊ टनांचा.
• पाऊण इंची, ४.७५ टन क्षमता कोरलेल्या दोन शॅकल.
• फावडं, जाड हातमोजे आणि चाकाखाली घालायचे ट्रॅक्शन बोर्ड.
• हवा मोजायचं मीटर आणि १२ व्होल्टचा पंप. चिखलात टायरची हवा २० पीएसआयच्या आसपास आणली की पकड वाढते. डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी.
• ओढताना पट्ट्यावर टाकायला जुनी गोधडी किंवा ओलं पोतं. पट्टा तुटला तर त्याची उसळी काही प्रमाणात कमी होते.

लक्झरी गाडीच्या वेगळ्या अडचणी

२० किंवा २१ इंची रिमवर टायरची भिंत कमी उंचीची असते. हवा कमी केली की खड्ड्यात रिम आपटतो. जमल्यास लहान रिम आणि ऑल-टेरेन टायर घ्यावेत. काही गाड्यांत स्टेपनीऐवजी पातळ चाक किंवा पंक्चर किट असतं, तेही तपासावं.

एअर सस्पेन्शन असेल तर जॅक लावण्याआधी मॅन्युअलमध्ये सांगितलेला जॅक मोड चालू करावा. बॅटरी उतरली तर इलेक्ट्रिक हँडब्रेक सुटत नाही आणि गिअर पार्कमध्ये अडकू शकतो. न्यूट्रल करायची हाताची पद्धत आधीच माहीत असावी.

विंच बसवायला लोखंडी बंपर लावण्याआधी कायदाही पाहावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुल बार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन असल्याचं कळवलं होतं.

ट्रॅक्टरने ओढताना

पट्टा ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच लावावा. वर बांधला तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलून तो चालकावर उलटू शकतो. हिसका न देता, कमी गिअरमध्ये सावकाश ओढावं. दोन्ही वाहनांत फक्त चालक असावेत. बाकीच्यांनी पट्ट्याच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर थांबावं. मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यांनीही.

विंचचा दोर झाडाला बांधायचा असेल तर रुंद पट्टा वापरावा आणि जाड निंब किंवा बाभूळ निवडावी. रावेर-यावलकडे रस्त्याला लागून केळीच्या बागा असतात, पण केळीचं खोड हा भार घेत नाही.

इथे गाडी घालूच नये

२०२१ च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगाव तालुक्यात पूर आला आणि कन्नड घाटात दरड कोसळली. अशा पावसात फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी उतरवू नये. डिफेंडरसाठी कंपनी ९०० मिलिमीटर खोलीची मर्यादा सांगते, पण तिचा अर्थ वाहता पूर ओलांडता येतो असा नाही. साधारण दोन फूट वाहतं पाणी एसयूव्हीलाही वाहून नेऊ शकतं.

यावल अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग ठरतो.

गाडी निघाल्यावर रिमच्या आतली माती लगेच धुवावी. ती वाळून घट्ट झाली की चाकाचा तोल बिघडतो आणि महामार्गावर स्टिअरिंग थरथरू लागतं. ओढताना वापरलेला पट्टाही धुऊन, सावलीत वाळवून, कुठे फाटलाय का हे पाहूनच परत गाडीत ठेवावा.