टिंबाची बखर

माझ्या आजीची एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, १९५८ सालातली. तीत लोणच्याची प्रमाणे, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब आणि मधूनमधून घरातल्या घडामोडी. गेल्या मे महिन्यात रत्नागिरीच्या घरी बसून, भावंडांना प्रती द्याव्यात म्हणून ती मी संगणकावर उतरवून काढली. वळण जुने, 'नांव', 'कांहीं', 'त्यानें'. जिकडेतिकडे टिंबे!

ही टिंबे आजीच्या पदरची नव्हेत. जुन्या मराठीत ते स्वर नाकातून निघत. आमच्या कोकणात वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तो नाद अजून कानी पडतो. इतरत्र नाद गेला, तरी लिहिण्यात टिंब राहिले, आणि त्याचा उपयोगही होता. 'तें' म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन, 'ते' म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. तोंडाने वाचायचे नाही, पण शब्द कसा घ्यावा हे डोळ्यांना सांगायचे. अखेर मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि न उच्चारली जाणारी टिंबे गेली. वह्या तपासणारा शिक्षक म्हणून मी त्या निर्णयाला आजही दुवा देतो.

तेव्हा आजीची टिंबेही काढावीत असे ठरवले. संगणकाच्या लेखी अनुस्वार हे स्वतंत्र चिन्ह. 'शोधा आणि बदला' उघडून त्याच्या जागी काहीच नको, अशी आज्ञा केली. क्षणात सारी टिंबे नाहीशी! पण समोर वाक्य आले, 'पहिला आबा पिकला.' आंब्याचे टिंब उच्चारातले, हे यंत्राला कोण सांगणार? आज्ञा मागे घेतली, नियम पुढ्यात ठेवून एकेक टिंब हाताने काढले आणि प्रती वाटल्या.

आठवड्याने चुलत बहिणीचा फोन आला. "दादा, आजोबा १९८१ पर्यंत होते ना? मग आजीने 'माघात ते गेले' असे कसे लिहिले?"

वही उघडली. 'माघांत तें गेलें.' आजी नवऱ्याचे नाव घेत नसे, 'ते'च म्हणे. हे 'तें' टिंबाचे होते. आत्याला विचारले. १९५८ साली ती सहा वर्षांची होती. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "तुझ्या बाबांच्या आधीचं बाळ. अकरा दिवसांचं. दुसऱ्या दिवशी बारसं होतं."

पूर्वी छापखान्यात हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्याआधी त्यावर खुणा करीत; हा मजकूर ठळक, हा मथळा, इथे नवा परिच्छेद. जुळारी खूण पाळी, पण ती छापीत नसे. इंग्रजीतला 'मार्कअप' हा शब्द तिथलाच. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीतल्या गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी यांनी ही कल्पना संगणकात आणली. त्यांच्या पद्धतीचे नाव जीएमएल; ती तिघांच्या आडनावांचीच आद्याक्षरे. (माणसे हौशी असली पाहिजेत.) मजकुरातच खूण ठेवायची, आणि ती कशी पाळायची हे मागाहून ठरवायचे.

मी पुन्हा मूळ टिंबांचा मजकूर घेतला. प्रत्येक मुक्या टिंबापुढे <मू> अशी खूण घातली. चार रात्री गेल्या. आता टिंब आणि खूण मिळून काढली की मुलांची प्रत तयार होते. नुसती खूण काढली की आजीची. आंबा दोन्हींत शाबूत.

माघातल्या त्या 'तें गेलें'पुढे मात्र मी खूण घातलेली नाही.