येवल्याची पैठणी आणि मंदीतलं दुकान

दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्या बचत गटांच्या बैठकीत एकच विषय चालतो. माल कोणता भरायचा आणि किती भरायचा? कर्ज गटाच्या नावावर, हप्ता दर महिन्याला, आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाईक स्टॉलवर येतं, हात लावून बघतं, भाव विचारतं आणि "फिरून येतो" म्हणतं. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शनात बसलेल्या प्रत्येकीला हे "फिरून येतो" पाठ आहे. मग आमच्यातल्या कुणाला वाटतं भाव पाडावा, कुणाला वाटतं स्वस्त माल आणावा, आणि कुणी म्हणते, आता दिवसच वाईट आहेत, बाई.

दिवस वाईट आहेत हे खरं. पण वाईट दिवस काही पहिल्यांदा आलेले नाहीत. आपल्याच जिल्ह्यात, नाशिकपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर, एक गाव आहे. चैनीची वस्तू विकून ते तीनशेहून अधिक वर्षं जगलं. मंदीत माणूस सगळ्यात आधी चैनीची वस्तू सोडतो, तरी ते टिकलं. ते गाव म्हणजे येवला. आज आम्ही पैठणीविषयी बोलणार आहोत, पण दुकानदाराच्या नजरेने.

येवला वसवलं ते रघोजी नाईक पाटलांनी, सतराव्या शतकात. येवल्यात आजही त्यांना रघुजीबाबा म्हणतात. त्यांनी नुसती जागा दिली नाही, तर विणकर आणि व्यापारी बोलावून आणले, सवलती दिल्या. रेशमाच्या धंद्याची मक्तेदारीच दिली म्हणा ना. म्हणजे गावाची सुरुवातच बाजारपेठ म्हणून झाली. मूळ कला गोदाकाठच्या पैठणची, पण ती वाढली, पसरली आणि दुकानात उभी राहिली ती येवल्यात. साळी, खत्री, कोष्टी, मोमीन अशा कितीतरी घरांत माग होते. आपली गोदावरी नाशिकहून पैठणला जाते आणि पैठणी पैठणहून नाशिक जिल्ह्यात आली, हा उलटा प्रवास आम्हांला फार आवडतो.

त्या काळी गिऱ्हाईक कोण होतं? दरबार. थोरल्या माधवराव पेशव्यांनी असावली दुपट्टे मागवले, तेही लाल, हिरव्या, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी रंगांत, असं सांगतात. रंगांची नावं घालून मागणी! असं गिऱ्हाईक असलं की दुकानदाराला झोप चांगली लागते. पैसे बुडत नाहीत, माल पडून राहत नाही. पण त्यात एक धोका असतो. सगळी विक्री एकाच दारावर अवलंबून असते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि ते दार बंद झालं.

मग विणकरांनी काय केलं? जे दार उघडं होतं तिकडे ते गेले. निजामाचं हैदराबाद अजून उभं होतं. सावकार, सरदार, इनामदार यांच्या घरची लग्नं होती. दरबारी वस्त्राचं हळूहळू लग्नाचं वस्त्र झालं. हा बदल आम्हांला सगळ्यांत मोठा वाटतो. राजा एकच असतो, लग्नं मात्र दरवर्षी असतात. पुढे विसाव्या शतकात निजामाच्या घराण्यातल्या निलोफर बेगम यांनी काठ-पदरासाठी नवीन नक्ष्या सुचवल्या असं म्हणतात. म्हणजे गिऱ्हाईक बाईने नक्षी सांगितली आणि विणकराने ती मागावर चढवली. "आमच्याकडे असंच मिळतं" हे वाक्य त्या विणकराने तोंडातून काढलं नसणार. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानही भारतात विलीन झालं आणि तेही दार बंद झालं.

मधल्या काळात इंग्रजी अमलात जुनी मक्तेदारी संपली होती. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ येऊन गेला. गुरं मरत असताना रेशीम कोण घेणार? त्याच सुमारास, १८७८ साली, दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि येवल्याला स्टेशन मिळालं. रेल्वेने दोन्ही कामं केली. येवल्याचा माल लांब पोचवला आणि गिरणीचं स्वस्त कापड येवल्याच्या दारात आणून टाकलं. आज फोनवरून घरपोच साड्या मागवता येतात म्हणून आपण कुरकुरतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या येवल्याच्या दुकानदाराने रेल्वेकडे बघून हीच कुरकुर केली असेल.

वाईट दिवसांत घरातल्या पैठण्यांचं काय व्हायचं, हे जुन्या बायकांना माहीत आहे. जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. पैसा लागला की जुनी पैठणी बाहेर निघे, जर विकत घेणाऱ्याकडे जाई. तो ती जाळून चांदी काढून घेई. कुणाच्या तरी आजीचं लग्न असं मुशीत वितळलं. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण गिऱ्हाईक पैठणीकडे नुसती साडी म्हणून बघत नव्हतं. अडीअडचणीला मोडता येईल अशी ती ठेव होती. पुढे खऱ्या चांदीची जर परवडेनाशी झाली आणि स्वस्त, टेस्टेड जर आली. मग पैठणीतली ही ठेव गेली. तेव्हा ती कशाच्या जोरावर विकायची? फक्त हातकामाच्या. इथून पुढचा येवल्याचा इतिहास हा त्या हातकामाची किंमत गिऱ्हाइकाला पटवण्याचा इतिहास आहे.

आधी लांबी बदलली. आपल्या आज्या नऊवारी नेसत, आया सहावारी नेसू लागल्या. नऊ वारांऐवजी सहा वार म्हटल्यावर रेशीम कमी, वजन कमी, भाव कमी. परंपरा मोडली म्हणून रडायला कुणी बसलं नाही. मागावर नवीन लांबीचा ताणा चढला. मग बुट्टीचा हिशेब बदलला. अंगभर बुट्टी आणि भरगच्च पदर म्हटलं तर विणायला कित्येक महिने जातात. साधा काठ, विरळ बुट्टी, पदरावर मोजके मोर केले तर महिन्याभरातही साडी उतरते. म्हणून आज येवल्यात हातमागाची पैठणी सात-आठ हजारांपासून सुरू होऊन लाखाच्या पुढे जाते. दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक कुठल्या तरी पायरीवर उभं राहू शकतं. आमच्या गटांत पापड-लोणच्यांचं एकच मोठं पाकीट ठेवणाऱ्या मैत्रिणींनी इथे कान द्यावा.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट दुकानाच्या जागेची. पूर्वी सावकार किंवा व्यापारी रेशीम आणि जर द्यायचा, विणकर मजुरीवर विणायचा, साडी व्यापाऱ्याच्या पेढीवर जायची. विणकराला गिऱ्हाईक दिसत नसे आणि गिऱ्हाइकाला विणकर. नंतर काही विणकरांनी स्वतःच्या घरीच विक्री सुरू केली. आज येवल्यात किती घरांत पुढच्या खोलीत पांढरी गादी, मागे किंवा खाली माग! गिऱ्हाईक आलं की आधी माग दाखवतात. खड्ड्यात पाय सोडून बसलेला कारागीर दिसतो. एकेका रंगाची तिल्ली हाताने ओवत तो मोराची मान भरताना दिसतो. दिवसभरात किती बोटं काम झालं ते समोर दिसतं. मग भावात घासाघीस करायला जीभ उचलत नाही. शिर्डी तिथून तीसेक किलोमीटरवर. साईबाबांचं दर्शन घेतलेली मंडळी येवल्याला वळतात. दुकानदाराने यात्रेचा रस्ता ओळखला, जाहिरातीवर फारसा खर्च न करता.

जाहिरात झाली ती २००४ नंतर, आणि तीही दुसऱ्याच्या पैशाने. आदेश भावोजी दर संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जाऊन एका वहिनीला पैठणी देऊ लागले. "होम मिनिस्टर" आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, खोटं कशाला बोला. ज्या घरांत पैठणी हा शब्द लग्नातच निघत असे तिथे तो रोज संध्याकाळी निघू लागला. २०१० च्या सुमारास पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मागणी वाढली की नक्कलही वाढते. यंत्रमागावरची "सेमी पैठणी" हजार-दोन हजारांत मिळू लागली. मोर तसाच, काठ तसाच, लांबून फरक कळत नाही. रेशमी हातमागाच्या नक्षीदार साड्या यंत्रमागावर काढू नयेत म्हणून १९८५ चा राखीव वस्तूंचा कायदा आहे. कायद्याने किती नकला थांबल्या ते प्रत्येकीने आपल्या गावच्या बाजारात जाऊन बघावं.

मग २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, नोटाबंदी झाली. २०१७ ला जीएसटी आला. आणि २०२० साली देशभर टाळेबंदी लागली तो पहिला दिवस, २५ मार्च, नेमका गुढीपाडवा होता. पाठोपाठ अक्षय्य तृतीया गेली, सगळी लग्नसराई गेली. मागावर अर्धी विणलेली साडी, बंगळुरूकडचं रेशीम येत नाही, सुरतेची जर येत नाही, विणलेलं विकत नाही. पैठणी विकणाऱ्याच्या तीनशे वर्षांत गिऱ्हाइकाने घराबाहेरच पडू नये असं बहुधा कधी झालं नसेल.

त्या वेळी येवल्याच्या दुकानांनी घराचा माग फोनवर आणला. व्हिडिओ कॉलवर पदर उलगडून दाखवायचा, उलटी बाजू दाखवायची, पैसे आले की कुरिअर करायचं. जुनीच पद्धत होती, माग दाखवून विकायची. फक्त मधे काच आली. त्याच काळात लहान वस्तूंचाही जोर वाढला. पैठणीची पर्स, ओढणी, जाकीट, टोपी, लहान मुलीचं परकर-पोलकं, वाढदिवसाची भेट. साडी घेणारी बाई वर्षा-दोन वर्षांनी येते, पर्स घेणारी सणाला येते.

आता आमच्या स्टॉलचं सांगतो. आमच्या काही गटांनी पैठणीच्या पर्स आणि ओढण्या ठेवायला सुरुवात केली. जोडीला काही हातमागाच्या साड्या ठेवल्या. साड्यांत पैसा अडकतो आणि हप्ता थांबत नाही. अशात एका व्यापाऱ्याने सेमी पैठण्या उधारीवर द्यायची तयारी दाखवली. अट एकच, चिठ्ठीवर नुसतं "येवला पैठणी" लिहायचं. फायदा चांगला होता. बैठकीत तास-दीड तास वाद झाला. हप्त्याची काळजी असलेल्या बायकांचं म्हणणं चूक नव्हतं. गिऱ्हाइकाला तरी कुठे फरक कळतो, असं त्या म्हणत होत्या.

आम्ही सेमी ठेवल्या, पण चिठ्ठी बदलली. एका दांडीवर "यंत्रमाग" आणि दुसऱ्या दांडीवर "हातमाग", भाव दोन्हींवर लिहिलेले. व्यापाऱ्याला ते आवडलं नाही, त्याने उधारी कमी केली. मात्र स्टॉलवर एक वेगळीच गोष्ट घडू लागली. दोन चिठ्ठ्या बघून बायका विचारायला लागल्या, फरक काय? मग आमची मैत्रीण पदर उलटा करते. हाताने विणलेल्या पदराची उलटी बाजू सुलट्यासारखीच स्वच्छ असते, मोर दोन्हीकडून मोरच दिसतो. यंत्रावरच्या साडीत बहुधा मागे धागे तरंगतात किंवा कापलेले दिसतात. हे एकदा हाताने बघितलेली बाई पुढच्या वेळी शेजारणीला घेऊन येते. यंत्रमागाची घेणारीही आता खुशीत घेते, कारण तिला फसल्यासारखं वाटत नाही. हप्ते भरले जातात. ओढाताण आहेच, ती नाही असं आम्ही म्हणत नाही.

एक गोष्ट अजून राहिली आहे, आणि ती आपल्या बायकांची आहे. मागावर बसलेला पुरुष फोटोत येतो. रेशीम उकलणं, रहाटावर कांड्या भरणं, ताण्याच्या शेकडो धाग्यांची सांधणी, ही कामं घरच्या बायका-मुलींनी केली. ती "घरचंच काम" म्हणून हिशेबात धरली गेली नाहीत. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातल्या हातमाग कामगारांत सत्तर टक्क्यांहून जास्त स्त्रिया निघाल्या. येवल्यात आता मागावर बसणाऱ्या बायकाही आहेत. मंदीत भाव पाडायची वेळ आली की दुकानदार पहिला हात मजुरीला घालतो, आणि मजुरीत पहिला हात ज्या मजुरीचा आकडाच लिहिलेला नाही तिला. म्हणून ज्या दोन घरांकडून आम्ही ओढण्या घेतो त्यांच्या बिलावर कांड्या भरण्याची मजुरी वेगळ्या ओळीत लिहून घेतो. ओढणी थोडी महाग पडते. गिऱ्हाइकाने ती ओळ कशाची म्हणून विचारलं की सांगायला आम्हांला बरं वाटतं.

पुढे सिंहस्थ येतोय. नाशिक-त्र्यंबकला माणसांचा पूर लोटेल. त्यांतल्या फार थोड्यांना साडी घ्यायची असेल, पण आठवण म्हणून काहीतरी हातात न्यायचं असेल पुष्कळांना. छोट्या बटव्यापासून काय-काय करता येईल याचे नमुने सध्या चालले आहेत. त्यासाठी जुने रंग हवे आहेत. शिरोदक म्हणजे पांढरी, चंद्रकळा म्हणजे काळी, राघू म्हणजे पोपटी, एवढी नावं आम्हांला मिळाली. तुमच्या आजीच्या, सासूच्या तोंडी आणखी असतील. घरात जुनी पैठणी असेल तर तिचा रंग कुठल्या नावाने सांगत हे विचारून ठेवा आणि पुढच्या बैठकीला आलात की गटाच्या वहीत लिहून द्या.