'जंतू' हा शब्द आणि आतड्याचे अस्तर

मराठवाड्यातील हट्टा या गावच्या (तालुका वसमत, जिल्हा हिंगोली) परिसरात ज्वारीची भाकरी आणि ताक हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न होय. पोट बिघडले असता ताक द्यावे, या समजुतीस जुना ग्रंथाधार आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधराव्या अध्यायात ग्रहणीरोगावर तक्राची प्रशंसा केलेली आढळते. 'ग्रहणी' ही संज्ञा तेथे अवयवाची आहे आणि त्याच्या विकाराचीही. एवढ्यावरून चरकास सूक्ष्मजीव ठाऊक होते असे म्हणणे मात्र सर्वथा अनैतिहासिक ठरेल.

'जंतु' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'जन्मलेला जीव' एवढाच. मराठीत त्यापासून 'जंत' झाला आणि तो पोटातील कृमींना चिकटला. अशा पूर्वग्रहदूषित शब्दावर नव्या शास्त्राचा भार पडला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. जंतू म्हणजे रोगाचा दूत, ही कल्पना अशा प्रसंगांनी दृढ झाली असल्यास नवल नाही. ओडेसा येथे हाफकिन यांचे गुरू असलेले मेचनिकॉफ हे पुढे दह्यातील आम्लजनक जंतूंचे पुरस्कर्ते झाले, हा योगायोग मनोरंजक आहे. तथापि त्यांचीही दृष्टी युद्धाचीच होती. मोठ्या आतड्यातील जंतू विष निर्माण करतात, त्यांस बाहेरच्या जंतूंनी आवरावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मूळ रहिवासी अपराधीच राहिले.

हा आरोप फार उशिरा मागे घ्यावा लागला. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन ब्युटिरिक आम्ल आहे, हे रोडिगर यांनी १९८० साली दाखविले. हे आम्ल तेथील जंतूच, माणसास न पचणाऱ्या तंतूंपासून, तयार करतात. दाह आवरणाऱ्या रक्षक पेशींची वाढ त्याच आम्लामुळे होते, असे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. उलट तंतू मिळेनासे झाले की काही जंतू अस्तरावरील श्लेष्माचा थरच खाऊ लागतात आणि रोगकारक जंतूंना अस्तरापर्यंत वाट मिळते. ही गोष्टही २०१६ मध्ये उंदरांतच आढळली. मानवी दाहरोगांच्या उपचारापर्यंत हे ज्ञान अद्याप पुरतेपणी पोहोचलेले नाही.

पुण्यातील संशोधकांनी मानवी मलातून वेगळ्या केलेल्या एका जातीस २०१४ मध्ये 'मेगास्फेरा इंडिका' हे नाव मिळाले. मेदाम्ले निर्माण करणाऱ्या कुळातील ही जाती प्राणवायूविना जगते. ताकातील जंतू बहुधा पाहुण्यांप्रमाणे काही दिवसांत निघून जातात. आतड्यात कायम वस्तीस असलेल्यांचे पोषण हट्ट्याच्या ताटातील भाकरीचा न पचलेला अंश करतो. पण ग्रंथांतून व घरगुती औषधांतून कीर्ती मिळाली ती ताकास.