दोन रेणूंची भिंत

पेशीपटल कोणाच्या डोळ्यांना दिसलं त्याच्या कितीतरी आधी ते किती रेणू जाड असावं, हे मोजून झालं होतं. त्या मोजणीची रीत आली पाण्यावर तेल ओतून बघणाऱ्यांकडून.

१७७४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनचा एक प्रयोग रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनवरच्या तळ्यात त्याने चमचाभर तेल टाकलं. ते पसरत गेलं आणि अर्ध्या एकरावरच्या लाटा निवल्या. तेलाच्या घनफळाला क्षेत्रफळाने भागलं असतं, तर थराची जाडी सुमारे दोन नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम एका रेणूएवढी आली असती. फ्रँकलिनने तो भागाकार केलाच नाही.

शंभरेक वर्षांनी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये आग्नेस पॉकेल्स नावाच्या तरुणीने हा धागा उचलला. तिला पदार्थविज्ञान शिकायचं होतं, पण तिथली विद्यापीठं मुलींना घेत नव्हती. वाट्याला आलं घरकाम आणि आईवडिलांची शुश्रूषा. तिने स्वयंपाकघरातच पत्र्याचं एक उथळ, लांबट पात्र मांडलं, काठोकाठ पाणी भरलं आणि वर पत्र्याची सरकती पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्यावरचा तवंग आवळला जाई. तराजूला टांगलेली लहानशी चकती पाण्यावरून सोडवायला किती जोर लागतो, यावरून पृष्ठताण कळे. १८९१ मध्ये तिने हे सगळं इंग्रज पदार्थवैज्ञानिक लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवलं. रॅले यांनी ते पत्र तिच्या नावानिशी ‘नेचर’कडे धाडलं. त्यांच्या मोठेपणाची एवढी एकच गोष्ट सांगितली तरी पुरे. पुढे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्युरने हेच उपकरण सुधारून वापरलं. १९३२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याच वर्षी सत्तरीच्या पॉकेल्सबाईंना ब्राउनश्वाइगने मानद डॉक्टरेट दिली.

इकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झुरिकमध्ये अर्नेस्ट ओव्हर्टन शेकडो द्रव्यं जिवंत पेशींवर घालून पाहत होता. मेदात सहज विरघळणारी द्रव्यं भरभर आत शिरत, साखरेसारखी बाहेरच अडत. पेशीभोवतीचं कुंपण मेदासारखंच असणार, असं त्याने ताडलं.

कुंपण किती पदरी, याचं उत्तर १९२५ मध्ये लायडनच्या एव्हर्ट गॉर्टर या बालरोगतज्ज्ञाने आणि एफ. ग्रेंडेलने काढलं. माणूस, कुत्रा, बकरी अशांच्या तांबड्या रक्तपेशी घ्यायच्या, ॲसिटोनने त्यांतला मेद काढायचा, तो लँगम्युरच्या पात्रातल्या पाण्यावर पसरायचा. तवंगाचं क्षेत्रफळ पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणजे थर दोन. हे रचनेशीही जुळत होतं. मेदरेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, शेपट्या पाणी टाळतात. पाण्यावरच्या तवंगात शेपट्या हवेत राहू शकतात. पण रक्तपेशीच्या आतही पाणी, बाहेरही पाणी. मग शेपट्यांनी एकमेकींकडे तोंड करून लपण्यावाचून गत्यंतर नाही.

गंमत अशी, की हिशेब दोन्हीकडे चुकला होता. ॲसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता आणि सुकवलेल्या पेशींचा पृष्ठभाग बराच कमी धरला गेला होता. एका चुकीने दुसरी खाल्ली आणि उत्तर बरोबर आलं. विज्ञानाच्या इतिहासात इतकं फळलेलं नशीब मला दुसरं आठवत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पटलाच्या दोन गडद रेघा स्वच्छ दिसायला १९५० चं दशक उजाडलं. ही भिंत पातळ तर आहेच, शिवाय वाहती आहे, हे १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी दाखवलं. माणसाची आणि उंदराची पेशी जोडल्यावर दोघांची प्रथिनं चाळीसेक मिनिटांत एकमेकांत मिसळली. दोन वर्षांनी सिंगर आणि निकलसन यांनी मेदाच्या या प्रवाहात तरंगणाऱ्या प्रथिनांचं चित्र मांडलं. तेच आज पाठ्यपुस्तकांत आहे. मेद अडवतो, प्रथिनं निवडून आत घेतात. पाण्यालासुद्धा स्वतंत्र दार असतं, हे पीटर ॲग्रेने १९९२ मध्ये सिद्ध केलं.

याच दोन थरांचे गोळे पाण्यात आपोआप बनतात, हे १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्रॅहॅममध्ये ॲलेक बँगहॅमने पाहिलं. त्यांना लिपोसोम म्हणतात. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांसाठी महाराष्ट्रभर नातेवाईक ज्या इंजेक्शनच्या शोधात वणवण फिरले, त्या लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बीमध्ये औषध अशाच गोळ्याच्या पटलात बसवलेलं असतं. मूत्रपिंडांना त्याची झळ कमी लागते, आणि ते जाऊन भोकं पाडतं ती बुरशीच्या पेशीपटलालाच.