महालक्ष्मीचे मोकळे मैदान

नंदिनी नगरात राहणाऱ्या आम्हा मंडळींना जमिनीची किंमत दगडावरून ठरविण्याची सवय जडली आहे. येथली चुनखडी भिलाईच्या झोतभट्ट्यांना जाते. साहजिकच जी जमीन खणली गेली तीच कामास आली, असे आम्हांस वाटू लागते. रजेवर मुंबईस गेल्यावर मात्र महालक्ष्मी स्थानकाशेजारचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान ही समजूत डळमळीत करते. एवढ्या दाटीच्या शहरात इतकी जमीन मोकळी राहिली कशी?

मूळची ही जागा दलदलीची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकीर्दीत वरळीच्या खाडीला बांध पडला आणि समुद्राचे पाणी हटून सखल जमीन वर आली. मुंबईच्या टर्फ क्लबाची परंपरा १८०२ पासूनची. परंतु त्या काळी शर्यती भायखळ्यास होत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीस आल्या. क्लबाच्या नावामागे ‘रॉयल’ ही उपाधी लागली ती १९३५ मध्ये.

मैदानाची आखणी पाहिली म्हणजे आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. भरधाव घोड्याला आखूड वळण झेपत नाही. म्हणून धाव लंबवर्तुळाकार आणि सुमारे २४०० मीटरांची. शेवटची सरळ धाव प्रेक्षागारासमोरून जाते. पलीकडच्या कडेने धावणारा घोडाही तेथून दिसला पाहिजे, म्हणून मधल्या भागात उंच इमारत चालत नाही. रिकामेपणा हीच या खेळाची गरज!

येथील मोसम साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात घोडे पुण्यास जातात. तेथील मैदान १८३० चे, लष्कराच्या जमिनीवरचे. महालक्ष्मीची मानाची शर्यत म्हणजे इंडियन डर्बी. १९४३ मधील पहिली डर्बी ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. ती बडोद्याच्या महाराजांची, हे वाचून परमुलखातल्या मराठी माणसास थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

अभिमानाबरोबर एक सलही आहे. हे वैभव मूठभर श्रीमंतांचे. पैजांपायी कित्येक गरिबांचे पगार येथे बुडाले. शिवाय जमीन सार्वजनिक. १९१४ चा भाडेपट्टा १९९४ मध्ये संपला, पुढे वाढविलेली मुदतही २०१३ मध्ये सरली, आणि मैदान कोणाचे हा वाद पेटला. अखेर २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबाकडे, अशी वाटणी ठरली.

वाटणी न्याय्य आहे, असे आमचे मत. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. या जागेवर इमारती उठल्या नाहीत, त्याचे श्रेय कोणाच्या दूरदृष्टीला नव्हे, तर घोड्याच्या धावेला आहे. यापुढे ते राखण माणसांनाच करावे लागेल. उद्यानाच्या नावाने मिळालेली जमीन उद्यानच राहिली, तरच घोड्यांनी शंभराहून अधिक वर्षे सांभाळलेली ही ठेव आपण सांभाळली असे होईल.